रंगधंद्यातला साठ वर्षांचा उशीर

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किनने डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलिनपासून जांभळा रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत कृत्रिम रंगांचा धंदा जर्मनीत फोफावला. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी जाहीर केले, की फुक्सिन हा किरमिजी रंग तयार करणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी होत आहेत. ॲनिलिनवरचा त्यांचा संशय नेमका नव्हता, पण रोग कामातून येतो हे त्यांचे म्हणणे टिकले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालाने बेन्झिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमीन यांच्याकडे नाव घेऊन बोट दाखवले. तरीही अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने बीटा-नॅफ्थिलअमीनचे उत्पादन थांबवले ते १९५५ साली, म्हणजे पहिल्या इशाऱ्यानंतर साठ वर्षांनी. एवढा काळ विज्ञानालाच लागला, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. पुरेसा पुरावा म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार माल बनवणाऱ्याच्याच हाती राहिला, म्हणून त्यातली बरीच वर्षे वाया गेली.

विल्हेल्म ह्यूपर यांचे काम हा याचा ठळक दाखला. जर्मनीत जन्मलेले हे विकृतिशास्त्रज्ञ १९२३ साली अमेरिकेत गेले. जर्मन रंगधंद्याचा इतिहास त्यांना ठाऊक होता. न्यू जर्सीतल्या ड्यू पाँटच्या कारखान्यातही हाच रोग दिसेल, असे त्यांनी कंपनीला कळवले आणि तिथेही रुग्ण सापडले. पुढे कंपनीच्याच विषशास्त्र प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले. लहान प्राण्यांवरच्या आधीच्या प्रयोगांतून ठाम काही निघाले नव्हते. ह्यूपर यांनी कुत्री निवडली, त्यांना दीर्घकाळ बीटा-नॅफ्थिलअमीन दिले आणि मूत्राशयात कामगारांसारख्याच गाठी उठल्या. निवड योग्य का होती, हे पुढे उलगडले. यकृतात या अमीनचे रूपांतर होते, ते लघवीतून मूत्राशयात पोहोचते आणि अस्तरातल्या पेशींच्या डीएनएला इजा करते. शरीराला या इजेपासून काहीसे वाचवणारी ॲसिटिलीकरणाची क्रिया कुत्र्यांत जवळजवळ होतच नाही. १९३७ साली ह्यूपर यांची नोकरी गेली, १९३८ साली प्रयोग प्रसिद्ध झाला आणि कारखाना पुढेही सतरा वर्षे तेच रसायन बनवत राहिला.

यावर पहिला आक्षेप असा, की कुत्र्याला झाले म्हणून माणसाला होईलच असे नाही. एरवी हा आक्षेप रास्त आहे. इथे मात्र क्रम उलटा होता. माणसांतला रोग आधी दिसला होता. प्राण्यांवरचा प्रयोग मागितला गेला तो त्यानंतर. दुसरा आक्षेप धंद्याचा: पर्यायाशिवाय कारखाने कसे चालणार? ब्रिटनमध्ये बीटा-नॅफ्थिलअमीनचे उत्पादन १९४९ साली थांबले आणि तिथला रंगधंदा बुडाला नाही. आपल्याकडच्या रासायनिक धंद्यातही परिचित असलेले टोबायस ॲसिड वापरून अनेक रंगांसाठी सुटे अमीन हाताळणे टाळता आले. रॉबर्ट केस यांनी तिथल्या रंगकामगारांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून १९५४ साली धोक्याचे प्रमाण मांडले. या पाहणीला ब्रिटिश रसायन उत्पादकांच्या संघटनेचेच पाठबळ होते. मनात आणले तर उद्योगही स्वतःची मोजदाद करू शकतो, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धोक्याची घंटा वाजवणारा संशोधकही चुकू शकतो. खुद्द ह्यूपर चुकले. फुप्फुसाच्या कर्करोगामागे सिगारेट हे मुख्य कारण आहे, हे त्यांनी मान्य केले नाही. कारखान्यातल्या विषांवरून लक्ष उडेल, अशी त्यांना धास्ती होती. पण म्हणून निर्णय कंपनीकडे सोपवावा, असे ठरत नाही. ठरते एवढेच, की तो कोणा एका माणसावरही सोडू नये. १९६५ साली ल्योंमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात एकेका रसायनावरचा प्रसिद्ध पुरावा तज्ज्ञांच्या गटाकडून तपासून घेण्याची पद्धत सुरू केली. या पद्धतीलाही मर्यादा आहे. एखादे द्रव्य कर्करोग घडवू शकते का, हे ती सांगते. किती मात्रेला किती धोका, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पण तो हिशेब सुरू व्हायला आधी द्रव्याचे नाव उघडपणे घेतले जावे लागते.

भारतात निर्णयाला वेग आला तो बाजारातून. जर्मनीने १९९४ साली कर्कजनक अमीन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर ग्राहकोपयोगी वस्तूंत बंदी घातली, कापड आणि चामड्याची निर्यात अडचणीत आली आणि १९९७ साली केंद्र सरकारने अशा ७० रंगांच्या हाताळणीवर बंदी आणली. बंदी योग्यच होती. पण तोवर अशा अमीनांपैकी बेन्झिडिन कर्कजनक असल्याचे जगाला कित्येक दशके माहीत होते. हा रोग द्रव्याशी संपर्क आल्यावर बहुधा दीड-दोन दशकांनी प्रकटतो. म्हणून रुग्ण मोजून मग बंदी घालणारी व्यवस्था कामगारांची एक अख्खी पिढी प्रयोगासाठी वापरते. सुरक्षिततेचा पुरावा उत्पादनाआधी, बनवणाऱ्याच्या खर्चाने द्यायला लावावा आणि तो पुरेसा आहे की नाही हे मात्र त्याच्या पगारावर नसलेल्यांनी ठरवावे, असे हा इतिहास सांगतो.