शब्दवेध : पराग

संस्कृत कोशांत ‘पराग’ या शब्दाचे अर्थ एकापाठोपाठ उभे राहतात : फुलातील रज, साधी धूळ, आणि स्नानोत्तर अंगाला लावावयाचे सुगंधी चूर्ण. लॅटिन ‘पोलेन’चा मूळ अर्थ बारीक पीठ, आणि १९४४ साली हाइड व विल्यम्स यांनी परागविज्ञानाच्या इंग्रजी नावासाठी जो ग्रीक धातू निवडला, त्याचा अर्थ भुरभुरणे. तिन्ही भाषांना या वस्तूचा बारीकपणाच तेवढा जाणवला.

तिची चिकाटी मात्र विलक्षण. परागकणांचे व बीजाणूंचे बाह्यकवच ज्या स्पोरोपोलेनिन द्रव्याचे असते ते इतके निबर, की ज्या हायड्रोफ्लुओरिक आम्लात खडकातील वाळूही विरघळते, त्यातून ते आपल्या काट्याखाचांसह शाबूत बाहेर पडते. आणि कोणता कण कोणत्या युगातला, याचे दफ्तर एकदा लागले, म्हणजे थराची मुदत ठरविता येते.

दख्खनच्या लाव्ह्याचाच दाखला घ्यावा. त्याच्या दोन थरांमधील वनस्पती-जीवाश्मांवरून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी तो तृतीयक कालखंडाच्या आरंभीचा, म्हणजे डायनासोर लुप्त झाल्यानंतरचा, मानला होता. पुढे जबलपूरजवळच्या पडवार येथील आंतरथरांत ‘अ‍ॅक्विलापोलेनाइटिस’ हा, नावात गरुड आणि अंगावर पंखांसारखे फाटे असलेला कण मिळाला. तो प्रामुख्याने क्रिटेशस युगाच्या अखेरचा. सबब त्याखालचा लाव्हा डायनासोर हयात असतानाच वाहून गेला होता, असा निकाल द्यावा लागला. गंमत अशी, की साहनींनीच १९४६ साली लखनौत स्थापिलेल्या संस्थेत अशा कणांचा अभ्यास आजही चालतो.