गिरणगावाची जमीन एका शब्दाने कशी गेली

शेजारी मोठा गृहप्रकल्प येणार म्हटलं की आपल्याकडे तेच तीन प्रश्न निघतात. पाणी पुरेल का? गल्लीत गाड्या मावतील का? पोरांना खेळायला जागा उरेल का? आणि विचारणाऱ्यावर लगेच शिक्का बसतो: विकासाचा विरोधक! म्हणून आज जरा गिरणगावाचा इतिहास. तिथल्या लोकांनी हेच विचारलं होतं, आणि त्यांची भीती खोटी नव्हती.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायला घेतली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा असा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. कोकणातून, घाटावरून माणसं आली आणि गिरणीच्या भिंतीला लागून चाळी उठल्या. भोंगा झाला की माणूस पायी कामावर जायचा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. मागे राहिली जमीन, जवळपास सहाशे एकर. तीही ऐन मुंबईच्या मध्यावर.

या जमिनीचं काय करायचं, हे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत लिहिलेलं होतं. नियम क्रमांक ५८. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा तर ढोबळ मानाने तीन वाटे करायचे: एक महापालिकेला, मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला, सर्वसामान्यांच्या घरांसाठी, आणि एक मालकाला. काही मालकांनी यातूनही वाट काढली. जुन्या शेड न पाडता आतच ऑफिसं आणि दुकानं थाटली. १९९६ साली सरकारने चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली. सुट्या सुट्या तुकड्यांचा विचार न करता जमिनी एकत्र धरून आराखडा करा, असा त्या समितीचा सूर होता. तो आराखडा कागदावरच राहिला.

मग २००१ साली नियम ५८ बदलला. वाटे तेच राहिले, पण ते आता फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे करायचे, आणि मोकळी म्हणजे आधीपासून रिकामी असलेली. शेड पाडून जी जागा रिकामी होईल ती यात धरायची नाही.

हिशेब करून बघा. समजा गिरणी दहा एकरांची आहे. आठ एकरांवर शेड, दोन एकर रिकामे. जुन्या नियमाने साधारण तीन एकर मैदानाला आणि साधारण तीन एकर घरांना मिळाले असते. नव्या नियमाने वाटणी फक्त दोन एकरांची. म्हणजे मैदानाच्या वाट्याला पाऊण एकरही नाही! उरलेल्या आठ एकरांवर टॉवर बांधायला मालक मोकळा.

या बदलाविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयात आली २००५ साली. चार वर्षं गेली होती. तोवर कित्येक आराखडे मंजूर होऊन व्यवहारही झाले होते. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सरकारने लावलेला अर्थ मान्य केला. विषय संपला.

परिणाम काय झाला? जिथे माणसं पायी कामावर जात होती, तिथे हजारो लोक रोज लोकलने येऊ लागले. रस्ते, पूल, स्टेशनं मात्र गिरण्यांच्या काळातलीच. २९ सप्टेंबर २०१७ला परळ–एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. सगळं खापर टॉवरवर फोडता येणार नाही. पण माणसं वाढणार हे ठाऊक असताना पूल का वाढला नाही, हा प्रश्न उरतोच. गिरणी कामगारांच्या घरांचं म्हणाल तर हजारो कुटुंबं अजून वाट बघतायत.

टॉवरमध्ये राहायला येणारी माणसं काही आपली शत्रू नाहीत. घर प्रत्येकालाच हवं. पण गिरणगावाची जमीन रस्त्यावरच्या भांडणात गेली नाही, ती गेली एका व्याख्येत. अशा फेरबदलासाठी एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७प्रमाणे राजपत्रात नोटीस काढावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत द्यावी लागते. तो महिना कधी येतो नि कधी जातो, आपल्याला पत्ताच नसतो. आपण जागे होतो ते पत्रे ठोकून खोदकाम सुरू झाल्यावर.

तेव्हा शेजारच्या प्रकल्पाबद्दल ‘किती मजले?’ एवढंच विचारून थांबू नका. त्या जागेवर आधी आरक्षण कसलं होतं? ते बदललं का, कधी, कुठल्या नोटिशीने? मोकळी जागा म्हणून जी दाखवलीय ती जमिनीवर आहे की पार्किंगच्या छतावर? आणि वाढीव पाणी नेमकं कुठल्या लाइनवरून येणार? उत्तर लेखी मागा. चार घरांनी मिळून मागा. मुदत संपायच्या आत मागा.