तुळशीतली भांग आणि वेरूळची भिंत

‘तुळशीत भांग’ ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. चांगल्या कुळात निपजलेला वाईट माणूस, एवढा तिचा अर्थ. पण म्हण लोकसमजुतीची नोंद ठेवते, वनस्पतीच्या इतिहासाची नव्हे. भांगेपुरते पाहिले, तर भाषेने तिची नशा लक्षात ठेवली आणि तिचा धागा विसरला, असे आम्हांस वाटते.

पाणिनीने शेतांची नावे सिद्ध करताना ‘भंगा’ तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीला बसविली आहे. भंगेचे शेत ते भांग्य किंवा भांगीन. शेताला वेगळे नाव असावे, इतके हे पीक परिचित होते. बौद्ध विनयात चीवरासाठी सहा प्रकारची वस्त्रे मान्य आहेत: जवसाच्या धाग्याचे, कापसाचे, रेशमाचे, लोकरीचे, शणाचे आणि ‘भंग’. या शेवटच्या शब्दाचा अर्थ काही टीकाकार मिश्र धाग्यांचे कापड असाही करतात.

चीवराची व्यवस्था कशी होई, याचा पुरावा आमच्या नाशिकलाच आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. धागा कोणता, हे लेख सांगत नाही. म्हणून तो भांगेचा होता, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा.

वेरूळला मात्र प्रत्यक्ष पुरावा मिळतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखविले, की वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे अंश मिसळलेले आहेत. ते ओलावा सांभाळतात आणि कीटकांना दूर ठेवतात, असे त्यांचे म्हणणे. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही वनस्पती आढळली नाही. तेथील चित्रांची कीटकांनी मोठी हानी केली आहे.

मग हे ज्ञान लोपले कसे? १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवून सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष काढला. पण त्याच्या नावातच ही वनस्पती ‘मादक द्रव्य’ म्हणून आली होती. १९८५ च्या कायद्याने गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, अशी व्याख्या केली आणि धागा व बी यांसाठी परवानगीने लागवड करण्याची वाट मोकळी ठेवली. उत्तराखंडाने २०१८ मध्ये ती वाट धरली.

येथे प्रश्न अनुवादाचा होतो. इंग्रजांनी आमच्या तागाला ‘सन हेंप’ म्हटले, अंबाडीला ‘डेक्कन हेंप’. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या तिन्ही वनस्पती निराळ्या. ‘हेंप’चे मराठी ‘ताग’ केले, तर शेतकरी कायद्याला बेसावधपणे सामोरा जाईल. ‘गांजा’ केले, तर धाग्याचा विचारच गुन्हा ठरेल. या झाडापासून कापड, कागद, विटा होतील की नाही, हे शेतीतज्ज्ञ पाहतील. एका शब्दाखाली दडलेल्या तीन वनस्पती वेगळ्या करणे, हे काम मात्र भाषेच्या अभ्यासकांचे आहे.