वारली समाज मातृसत्ताक आहे काय? : डहाणू-तलासरी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
बाखोफेन यांनी १८६१ मध्ये मातृहक्काचा सिद्धांत मांडला व १८८४ मध्ये एंगल्स यांनी तो पुढे नेला. तेव्हापासून आदिवासी समाज आणि मातृसत्ता यांची सांगड घातली जाते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली समाजाविषयीही असे विधान सहज केले जाते. ते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञाभेद :
मातृसत्ता म्हणजे निर्णयाचा अधिकार स्त्रियांच्या हाती असणे. मातृवंश म्हणजे कुळ व वारसा आईकडून चालणे. मेघालयातील खासी समाज मातृवंशीय आहे. तेथे वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे राहते. तरीही कारभारात मामाचा शब्द मानला जातो. वारली समाजात तर कुळ पित्याकडून चालते व विवाहानंतर मुलगी सामान्यतः सासरी जाते. म्हणजे हा समाज मातृवंशीयही नाही.

विधीतील अधिकार :
मग हा समज कशामुळे झाला? वारली विवाह परंपरेने धवलेरी ही स्त्री पुरोहित गीते गाऊन लावते. सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक काढतात व त्यात पालघट देवीची स्थापना होते. वरपक्षाने देज द्यावयाचे असते. विधवेचा पुनर्विवाहही समाजमान्य आहे. ही प्रतिष्ठा खरी आहे, पण ती मुख्यतः विधी व विवाहापुरती आहे.

विधीबाहेरचा इतिहास :
ज्या विवाहात स्त्रीला हा मान होता, त्याच विवाहाच्या खर्चासाठी घेतलेल्या कर्जापायी जोडपी सावकाराची ‘लग्नगडी’ होत. पतीबरोबर पत्नीही राबे आणि अत्याचारही सोशी. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी मे १९४५ मध्ये भरलेल्या परिषदेनंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी व लग्नगडी या प्रथांविरुद्ध लढा उभा राहिला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची नोंद आहे. पुढे १९७० च्या दशकात वारली चित्रांना बाजारपेठ मिळाली, तेव्हा सवासिनींची ही कला प्रामुख्याने पुरुषांच्या नावे ओळखली जाऊ लागली.

जमिनीचा प्रश्न :
१९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना, केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाही. त्यामुळे आदिवासी मुलीच्या वारसाहक्काचा प्रश्न रूढीवर सोपवला गेला. वनहक्क कायदा, २००६ नुसार विवाहितांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगढमधील गोंड कुटुंबाच्या प्रकरणात स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. मात्र हा प्रश्न कायद्याने सर्वांसाठी सोडवलेला नाही.

निष्कर्ष :
वारली समाजाला मातृसत्ताक म्हटल्याने त्याचा गौरव होतो असे वाटते; प्रत्यक्षात स्त्रीला जे मिळालेले नाही ते त्याने झाकले जाते. जिथे देवी स्त्रीच्या हातून भिंतीवर उतरते, तिथे सातबाऱ्यावर किती स्त्रियांची नावे आहेत, हे गावनिहाय तपासणे आवश्यक आहे. या परिसरातील महाविद्यालयांनी हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाती घ्यावे.