दूध पुरत नाही की वेळ? दोन नायगावांची गोष्ट

परवा संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. साडेतीन महिन्यांच्या मुलीला घेऊन एक आई आली, सोबत तिच्या सासूबाई. खुर्चीत बसायच्या आधीच आई म्हणाली, "डॉक्टर, सोमवारपासून ड्यूटी सुरू होतेय आणि दूध पुरत नाही. चांगल्या पावडरचं नाव लिहून द्या."

बाळाचं वजन केलं. जन्माच्या वेळी २ किलो ८०० ग्रॅम होतं, आता ६ किलो १००. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. बाईसाहेब माझ्याकडे बघून खुदकन हसत होत्या. मी विचारलं, "दूध पुरत नाही हे कशावरून?"

ती जरा थांबली. "आत्ता पुरतंय हो. पण सकाळी सातची लोकल धरली की घरी यायला रात्रीचे आठ. मधल्या तेरा तासांचं काय?"

सासूबाई मध्येच बोलल्या, "माझी आजी सांगायची, गिरणीतल्या बायका पोराला गोळी देऊन कामावर जायच्या. झोपून राहायचं बिचारं."

सुनेला वाटलं, सासूबाईंचं काहीतरी ऐकीव. पण ते खरं आहे आणि त्याची सरकारी नोंदही आहे. बाहेर पेशंट थांबले होते म्हणून त्या दिवशी सविस्तर बोलता आलं नाही. ते आज तुम्हाला सांगते, कारण "दूध पुरत नाही" हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकते आणि त्यातल्या बहुतेक आयांच्या दुधात काहीही कमी नसतं.

दादरचं नायगाव

आपलं नायगाव वसई आणि भाईंदरच्या मधलं. मुंबईकर मात्र नायगाव म्हटलं की दादरचं समजतात, बीडीडी चाळींचं. त्या चाळी १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. भोवती गिरण्या, आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब, कधी दोन-दोन. गिरण्यांमध्ये बायका प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात असत. त्या काळच्या कायद्याप्रमाणे बाईकडून दिवसाला अकरा तासांपर्यंत काम घेता येत असे. बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. खाडा म्हणजे पगार बुडाला.

१९२१ साली मुंबईत नोंद झालेल्या दर १००० जन्मांमागे ६६६ अर्भकं पहिला वाढदिवस न बघता गेल्याची नोंद आहे. हा आकडा वाचून तुम्ही दचकाल, मीही दचकले होते. पण तो जरा जपून वाचायला हवा. अनेक बायका बाळंतपणाला गावी, कोकणात किंवा घाटावर जायच्या. जन्म तिकडे व्हायचा आणि मृत्यू इथे नोंदला जायचा. त्यामुळे प्रमाण फुगतं. एवढी सूट देऊनही जे उरतं ते भयंकरच आहे.

याच सुमारास सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. १९२२ साली त्यांनी लिहिलं की या बायकांच्या जवळजवळ ९८ टक्के तान्ह्या बाळांना अफू दिली जाते. बाजारात ती गोळीच्या रूपात मिळायची आणि तिला नाव होतं 'बाळगोळी'. किती गोंडस नाव!

आता डॉक्टर म्हणून मला इथे थांबणं भाग आहे, कारण सगळी गोम इथेच आहे. अफूने बाळ झोपतं एवढंच नाही. त्याची भूक मरते, आतडी मंदावतात, श्वास संथ होतो. जागं नसलेलं बाळ ओढून दूध पीत नाही. आणि आईचं दूध तयार होण्याचा नियम असा की जेवढं बाहेर निघेल तेवढं नवं बनेल. स्तन भरून तसेच राहिले की शरीराला निरोप जातो, "एवढ्याची गरज दिसत नाही," आणि उत्पादन घटतं. म्हणजे आई अकरा तास गिरणीत, बाळ नशेत, संध्याकाळी घरी आल्यावर ते सुस्तावलेलं तोंड नीट लावत नाही, आणि महिन्याभरात दूध खरंच आटतं. मग शेजारीण म्हणणार, "हिला दूधच येत नाही." वेळेचा आणि पैशाचा प्रश्न होता, दोष गेला बाईच्या अंगाला चिकटून.

त्या आयांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. खोलीत सांभाळणारं दुसरं कोणी असलंच तर सहा-सात वर्षांची मोठी बहीण.

रजेचा कायदा

यावरचा पहिला खरा उपाय औषधाचा नव्हता, रजेचा होता. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. मग तोच विषय मुंबईच्या कौन्सिलात आला. तिथे १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातला हा असा पहिला कायदा. रजा काही आठवड्यांचीच, पैसे तुटपुंजे, पण बाळाला आई मिळावी म्हणून मालकाने पैसे मोजायचे, हे तत्त्व कागदावर आलं.

डबा येतो

गोळी हळूहळू गेली. तिच्या जागी दोन गोष्टी आल्या: बाटलीतलं ग्राइप वॉटर आणि डब्यातलं दूध.

ग्राइप वॉटर हे इंग्लंडमधल्या विल्यम वुडवर्ड यांचं १८५१ सालचं मिश्रण. मूळ पाककृतीत शेपाचं तेल, सोडा, साखर आणि अल्कोहोल. बाळ शांत का होत असे ते वेगळं सांगायला नको. आता त्यातलं अल्कोहोल काढलेलं आहे, पण सहा महिन्यांच्या आत तेही द्यायची गरज नाही. (हो आजी, घरी उगाळलेली गुटी आणि मधाचं बोट पण नाही. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉटुलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो.)

डब्याची गोष्ट मजेशीर आहे. 'ग्लॅक्सो' हे नाव आपण औषधं आणि लसींमुळे ओळखतो. ते मुळात न्यूझीलंडच्या नेथन कंपनीने १९०६ साली दुधाच्या भुकटीसाठी नोंदवलेलं नाव. मुंबईत १९२४ साली एच. जे. फॉस्टर अँड कंपनी सुरू झाली ती हे बाळांचं दूध विकायला, आणि तिचीच पुढे ग्लॅक्सो इंडिया झाली. गुबगुबीत मुलाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणायची पद्धत तुमच्या आईवडिलांना आठवत असेल. जाडी म्हणजे तब्येत, हा समज त्या डब्याबरोबर घरात शिरला आणि अजून बाहेर पडलेला नाही.

त्याच न्यूझीलंडमधून आणखी एक गोष्ट जगभर पसरली, घड्याळ. ट्रुबी किंग नावाच्या डॉक्टरांनी शिकवलं की बाळाला दर चार तासांनी पाजा, रात्री पाजू नका. चांगल्या हेतूनेच शिकवलं असेल, पण वर सांगितलेला नियम आठवा. कमी वेळा पाजलं की दूध कमी बनतं. दूध कमी झालं की डबा हजर. प्रसूतिगृहांत बाळाला आईपासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवायची पद्धत आली तीही याच शिस्तीतून. माझ्याच क्षेत्रातल्या माणसांनी हे केलं, हे कबूल करायला हवं.

विरोध करणारेही डॉक्टरच होते. सिसेली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापुरात भाषण दिलं. गरीब घरात पाणी स्वच्छ नाही, बाटली उकळायला इंधन नाही, डबा पुरवून वापरायचा म्हणून दूध पातळ करतात, आणि बाळं जुलाबाने व कुपोषणाने मरतात. अशा घरांत डबे खपवणं हा खून समजा, इतक्या स्पष्ट शब्दांत त्या बोलल्या. पुढे १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेत डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर आंतरराष्ट्रीय संहिता आली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका.

सायन आणि वर्धा

आपल्याकडचं उत्तर कुठून आलं? धारावीला लागून असलेल्या सायनच्या पालिका रुग्णालयातून. तिथल्या नवजात विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यासमोर रोज कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळं असायची. वरच्या दुधावरच्या बाळांना जंतुसंसर्ग व्हायचा. त्यांनी विभागातून डबा आणि बाटली हद्दपार केली. ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा जिला अजून दूध उतरलेलं नाही, त्याला दुसऱ्या आईचं दूध द्यायचं ठरलं. त्यातून १९८९ साली मातृदुग्ध पेढी उभी राहिली. आशियातली पहिली, आणि ती मुंबईत, सरकारी रुग्णालयात! दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं, तपासायचं, गोठवून ठेवायचं. तीच पद्धत आज देशभरच्या पेढ्या वापरतात.

पुढचं पाऊल वर्ध्यात पडलं. ३ डिसेंबर १९९१ रोजी तिथे बीपीएनआय ही स्तनपानाच्या प्रसाराची संस्था स्थापन झाली. मुंबईत डॉ. आर. के. आनंद आणि त्यांची ग्राहक संस्था ॲकॅश आधीपासून झगडत होतीच. १९९२ साली संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची, आहाराची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही, डॉक्टरला भेटवस्तू देता येत नाही. म्हणून तर तुम्हाला टीव्हीवर पावडरची जाहिरात दिसत नाही. मोबाइलवर 'आई ग्रुप'मध्ये कुणी प्रेमाने एखादा ब्रँड सुचवलाच, तर तो सल्ला आहे की जाहिरात, हे मात्र तुम्हीच तपासा.

आपलं नायगाव

गिरण्या बंद पडल्या तशी गिरणगावातली कितीतरी कुटुंबं वसई-विरारकडे सरकली. माझ्याकडे आलेल्या त्या आईचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. २०१७ पासून पहिल्या दोन बाळांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. हिच्या ऑफिसात सातच माणसं. जूचंद्रहून घरकामाला येणाऱ्या ताईंचा तर प्रश्नच नाही. तेरा तास तिथेच आहेत, फक्त गोळीऐवजी पावडर मागितली जातेय.

तिला मी काय सांगितलं ते तुमच्याही उपयोगी पडेल.

दूध पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून किंवा स्तन मऊ लागण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी, दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन परत, आणि पुढे वजनाचा आलेख चढता, एवढं असेल तर दूध पुरतंय. संध्याकाळी बाळ सारखं सारखं मागतं, त्यात काही बिघडलेलं नाही. याउलट लघवी कमी, बाळ मलूल, उठवूनही पीत नाही, तर त्याच दिवशी दाखवायला या.

कामावर जायच्या आठवडाभर आधीपासून हाताने दूध काढायची सवय करा. स्वच्छ हात, उकळलेली झाकणाची स्टीलची डबी. आपल्या उकाड्यात बाहेर ठेवलेलं दूध चार तासांत संपवा, फ्रिजमध्ये २४ तास चालेल. गॅसवर उकळू नका, गरम पाण्यात डबी धरून कोमट करा. आजी ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतील. बाटली घ्यायलाच नको. ऑफिसात दर तीन तासांनी दूध काढा, तिथे ठेवायची सोय नसेल तर टाकून द्या, पण काढाच. नाहीतर शरीराला तोच जुना निरोप जातो. सकाळी निघताना, घरी आल्या आल्या आणि रात्रभर अंगावर पाजा. रात्रीचं पाजणं दूध टिकवतं.

आणि तरीही काही आयांना दूध खरंच कमी असतं: बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला, थायरॉइडचा त्रास, स्तनाची शस्त्रक्रिया. काहींना ऑफिसात दूध काढायला दार लागणारी खोलीच नसते. अशांना मी पावडर लिहून देते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. फक्त डब्यावरच्या मापाप्रमाणेच करायची, पुरवून वापरायला पातळ करायची नाही. गाईचं दूध वर्षाच्या आत नको.

त्या आईने ऑफिसात विचारलं. दुपारी वीस मिनिटं सर्व्हर रूम मिळाली, आतून कडी असलेली. एसी फार गार असतो म्हणून शाल घेऊन जाते. सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं बोंडलं शोधून काढलं, चिंचेने घासलं आणि पहिल्या दिवशी तीन वेळा दूध पाजलं. चौथ्या वेळी मुलीने निम्मं अंगावर सांडलं. शुक्रवारी वजनाला बोलावलंय.