ब्रॉड्समध्ये कुत्र्यासोबत पायी: सपाट वाटा, उथळ तळी आणि दोरीचा प्रश्न

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, नॉरफोक आणि सफोक या दोन काउंट्यांमध्ये ‘ब्रॉड्स’ नावाचा पाणथळ प्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे ३०३ चौरस किलोमीटर. साठेक उथळ तळी, त्यांच्या आजूबाजूने वाहणाऱ्या ब्युअर, यॅर, वेव्हनी, थर्न, अँट अशा संथ नद्या आणि मध्ये नजर पोहोचेल तिथवर चराऊ कुरणे. १९८८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेले ब्रॉड्स प्राधिकरण या प्रदेशाचा कारभार पाहते आणि त्याला राष्ट्रीय उद्यानाच्या तोडीचा दर्जा आहे. तळ्यालाच इथे ‘ब्रॉड’ म्हणतात.

सह्याद्रीत गड चढणाऱ्याला ही भटकंती वाटणारही नाही, कारण इथे चढच नाही. बराचसा भाग समुद्रसपाटीच्या आसपास, काही कुरणे तर भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हातारा कुत्रा, आखूड पायांचा कुत्रा, गुडघे दुखणारा मालक अशा सगळ्यांना झेपणारा प्रदेश म्हणून तो लोकप्रिय आहे. पण सपाट म्हणजे बिनधोक, असा अर्थ इथे लागू होत नाही. पायवाटा बहुतेक ठिकाणी पूर रोखणाऱ्या मातीच्या बांधावरून जातात. बांधाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला गुरे, आणि दोहोंच्या मध्ये बोरूच्या दाटीत घरटी करणारे पक्षी. कुत्र्याला मोकळे कुठे सोडायचे आणि दोरी कुठे लावायची, हे त्या बांधावर कळावे लागते.

खणलेली तळी

ही तळी निसर्गाने केली, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळेच मानत होते. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट यांनी १९५० च्या दशकात काठांवर आणि तळाशी भोके पाडून मातीचे नमुने काढले. तळ्यांचे काठ जमिनीखाली जवळजवळ उभे कापलेले निघाले, तळ सपाट निघाला. नैसर्गिक तळे असे नसते. हे खड्डे पीट काढण्यासाठी माणसांनी खणले होते. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा थर. वाळवून विटा केल्या की तो शेणीसारखा जळतो. मध्ययुगात नॉरफोक हा दाट वस्तीचा आणि सरपणाची चणचण असलेला भाग होता, त्यामुळे शतकानुशतके खणती चालली. पुढे समुद्राची पातळी वाढली, १२८७ सारखी वादळी भरती आली आणि खड्डे पाण्याने भरले. आपल्याकडचे गावतळे जसे पाण्यासाठी खणलेले असते तसे हे नव्हे. इथे पाणी हा खणणाऱ्यांवर आलेला घाला होता.

कुरणांची गोष्टही अशीच माणसाच्या हातची. चर खणून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून दलदल चराईयोग्य केली गेली. वाटेत दिसणाऱ्या पवनचक्क्या बहुतेक दळणाच्या नाहीत, पाणी उपसण्याच्या आहेत. १९८० च्या दशकात हॅल्व्हरगेटची कुरणे आणखी कोरडी करून नांगरण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मोठा वाद झाला. त्यातून १९८५ मध्ये शेतकऱ्यांना कुरणे कुरणेच ठेवण्यासाठी पैसे देणारी योजना आली, आणि ब्रिटनमधल्या पुढच्या शेती-पर्यावरण योजनांचा पाया तिनेच घातला. म्हणून इथली गाय ही वाटेतली अडचण नव्हे. ती चरते म्हणून हे दृश्य शिल्लक आहे.

गायी आणि कुत्रा

इंग्लंडमध्ये खासगी शेतातूनही वहिवाटीच्या पायवाटा जातात आणि त्यांवरून चालण्याचा हक्क सर्वांना असतो. अशा वाटेवर कुत्रा नेता येतो. त्याला दोरी लावण्याची सरसकट सक्ती नाही, मात्र तो पूर्ण ताब्यात असावा लागतो. खुल्या प्रवेशाची म्हणून जाहीर झालेली जी जमीन असते, तिथे नियम अधिक काटेकोर आहे: २००० च्या कायद्यानुसार १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीवरच हवा, आणि गुरे जवळ असतील तर वर्षभर.

जनावरांना त्रास देणाऱ्या कुत्र्याच्या मालकावर १९५३ पासून गुन्हा नोंदवता येतो. मेंढ्या असलेल्या शेतात कुत्रा नुसता मोकळा असणे हाही या कायद्यात त्रासच धरला जातो. आपल्या जनावरांना वाचवायला दुसरा मार्ग नसेल तर शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली, तरी कायदा ठरावीक अटींवर त्याच्या बाजूने उभा राहतो. हे कठोर वाटेल, पण गाभण मेंढी नुसती पळवली गेली तरी तिचा गर्भ पडू शकतो. शेतकऱ्यासाठी तो वर्षाच्या कमाईचा भाग असतो.

धोका उलट दिशेनेही असतो. वासरू जवळ असलेली गाय कुत्र्याला लांडगाच समजते. ती धावून येते ती कुत्र्यावर. त्याला आवळून धरणारा माणूस मध्ये सापडतो. म्हणून इंग्लंडमधल्या ग्रामीण भागासाठीच्या अधिकृत आचारसंहितेतला सल्ला साफ आहे: गुरे अंगावर आली तर दोरी सोडून द्यावी. कुत्रा गायीपेक्षा जोरात पळतो, माणूस पळत नाही. कुत्र्यावर जीव असणाऱ्याला हे ऐन वेळी सुचत नाही, तेव्हा घरून निघतानाच ठरवलेले बरे. कळपाला लांबून वळसा घालावा, गायी आणि वासरे यांच्या मधून जाऊ नये.

पाणी आणि बोरूची दाटी

उन्हाळ्यात स्थिर, कोमट पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग किंवा साय दिसली तर कुत्र्याला पाण्याजवळही जाऊ देऊ नये. त्याला निळे-हिरवे शैवाल म्हणतात, प्रत्यक्षात ते जिवाणू असतात. त्यांच्या काही जाती यकृतावर आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष तयार करतात. कुत्रा पोहतो, बाहेर येऊन अंग चाटतो आणि विष पोटात जाते. त्यावर उतारा नाही आणि काही तासांत मृत्यू येऊ शकतो. शेतातून आणि सांडपाण्यातून आलेल्या फॉस्फरसमुळे ब्रॉड्समध्ये हा प्रश्न जुना आहे. वाटेवर पिण्यासाठी पाणी सोबत न्यावे, हा त्यावरचा साधा उपाय.

दुसरी गोष्ट काठांची. नावा लावण्याच्या जागी नदीचे काठ लाकडी किंवा लोखंडी पत्र्यांनी उभे बांधलेले असतात. कुत्रा उडी मारून पाण्यात सहज जातो, पण वर चढायला त्याला पाय टेकवायला जागाच नसते. भाड्याच्या नावेतून जाणारे अनेकजण कुत्र्यालाही जीवरक्षक जॅकेट घालतात, ते हौस म्हणून नव्हे.

बोरूच्या दाटीत बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला पक्षी राहतो. एकोणिसाव्या शतकात तो ब्रिटनमधून प्रजननक्षम पक्षी म्हणून नाहीसा झाला होता. १९११ मध्ये त्याचे घरटे पुन्हा सापडले ते याच नॉरफोकच्या ब्रॉड्समध्ये. क्रौंचही शतकांच्या खंडानंतर १९७९ च्या सुमारास हॉर्सीजवळ परतले. टिटवीच्या कुळातले लॅपविंग उघड्या कुरणात जमिनीवरच अंडी घालतात. कुत्रा अंडी खातोच असे नाही, पण तो जवळून फिरला की पक्षी उठतो आणि अंडी थंड पडतात किंवा कावळ्यांच्या नजरेला येतात. त्यामुळेच कित्येक राखीव क्षेत्रांच्या आतल्या वाटांवर अपंगांना मदत करणाऱ्या कुत्र्यांखेरीज इतर कुत्र्यांना प्रवेश नसतो. फाटकावरची पाटी वाचूनच आत शिरावे. वसंतात उन्हाला पडलेला ॲडर हा विषारी साप हेही वाट न सोडण्याचे एक कारण आहे. हुंगायला नाक पुढे करणाऱ्या कुत्र्याला तो तोंडावरच चावतो.

कुठे चालावे

एकच दिवस असेल तर ग्रेट यारमथ रेल्वे स्थानकापासून ब्रेडन वॉटरच्या उत्तर काठाने बर्नी आर्म्सपर्यंतची वाट घ्यावी. अंतर साधारण आठ किलोमीटर, सगळे बांधावरून. क्रोमरहून येणाऱ्या ‘वीव्हर्स वे’ या लांब पल्ल्याच्या वाटेचा हा शेवटचा तुकडा आहे. ब्रेडन वॉटर म्हणजे भरती-ओहोटीची विस्तीर्ण खाडी, रोमन काळात इथे असलेल्या कितीतरी मोठ्या खाडीचा अवशेष. पाण्यापलीकडे बर्ग कासल या तिसऱ्या शतकातल्या रोमन किल्ल्याच्या भिंती दिसतात. ओहोटीला उघडा पडणारा चिखल फसवा असतो, कुत्र्याला तिथे उतरू देऊ नये. टोकाला बर्नी आर्म्सची उंच पवनचक्की आणि एक चिमुकले रेल्वे स्थानक. तिथवर मोटारीचा सार्वजनिक रस्ताच नाही. गाड्या मोजक्या असतात आणि हात दाखवल्यावर थांबतात, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. ब्रिटिश रेल्वेत प्रवाशासोबत दोन कुत्र्यांपर्यंत तिकीट लागत नाही.

वारशासाठी यायचे तर लडहॅम गावाजवळचा सेंट बेनेट मठ चुकवू नये. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बरखास्त केले, पण हा एक मठ रीतसर कधीच बरखास्त झाला नाही. त्याच्या मठाधिपतीला १५३६ मध्ये नॉरिचचा बिशप करण्यात आले. आजही नॉरिचचा बिशप या मठाचा मठाधिपती असतो आणि दर ऑगस्टमध्ये जुन्या धाटणीच्या शिडाच्या मालवाहू नावेतून येऊन उघड्यावर प्रार्थना घेतो. मठाचे फारसे उरलेले नाही. वेशीच्या अवशेषांतच अठराव्या शतकात कोणीतरी पवनचक्की बांधली, ती आता स्वतःच पडकी आहे. आजूबाजूला गायी चरतात, दोरी इथेही हवीच.

हॉर्सीची १९१२ ची पवनचक्की, तिच्याजवळचे तळे आणि दोनेक किलोमीटरवरचा समुद्रकिनारा असा फेरा पिल्लांच्या कुत्र्यांनाही जमतो. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र तो टाळावा: तेव्हा किनाऱ्यावर करड्या सीलांच्या माद्या पिल्ले घालतात. कुत्र्याला पाहून मादी पाण्यात पळाली तर पिल्लू मागे उपाशी राहते, आणि सीलचा चावा कुत्र्यालाही महागात पडतो.

कुत्र्यांचे या भागाशी नाते जुने आहे, जरा भीतीदायकही. ४ ऑगस्ट १५७७ रोजी वेव्हनी नदीकाठच्या बंगे गावात वादळ चालू असताना एक काळा कुत्रा चर्चमध्ये शिरला आणि माणसे मेली, अशी कथा त्या काळच्या एका पत्रकात छापली गेली. वीज पडली असावी, हे उघड आहे. तरी ‘ब्लॅक शक’ नावाने तो कुत्रा लोककथांत फिरत राहिला आणि बंगेच्या गावचिन्हावर आजही तो विजेवरून धावताना दिसतो. गळ्यात पट्टा नसलेला ब्रॉड्समधला तो बहुधा एकमेव कुत्रा. बाकीच्यांच्या पट्ट्यावर सार्वजनिक जागी मालकाचे नाव-पत्ता असणे १९९२ च्या आदेशाने बंधनकारक आहे, आणि २०१६ पासून मायक्रोचिपही.