‘शोगुन’ मालिका आणि जपानच्या ख्रिस्तसभेचा इतिहास

‘शोगुन’ ही दहा भागांची मालिका २०२४ साली पडद्यावर आली आणि त्याच वर्षी तिने १८ एमी पुरस्कार मिळवले. जेम्स क्लॅवेल यांच्या १९७५ सालच्या कादंबरीवर ती आधारलेली आहे. याच कादंबरीवरची पहिली मालिका १९८० साली निघाली होती आणि तिच्यात रिचर्ड चेंबरलेन व तोशिरो मिफुने यांनी भूमिका केल्या होत्या. कथेचा काळ इ. स. १६००. जपानचा सर्वसत्ताधीश मरण पावला आहे, वारस अज्ञान बालक आहे आणि कारभार पाहणाऱ्या सरदारांत यादवीची चिन्हे दिसू लागली आहेत. अशा वेळी ब्लॅकथॉर्न नावाचा इंग्रज खलाशी तेथील किनाऱ्याला लागतो. धूर्त व धीरोदात्त सरदार तोरानागा त्याला आपल्या पदरी ठेवतो आणि त्याच्यासाठी दुभाष्याचे काम मारिको ही ख्रिस्ती सरदारस्त्री करते.

इतर प्रेक्षक ही मालिका तलवारी, किल्ले आणि राजकारणासाठी पाहतात. आम्हां कॅथलिकांना मात्र तिच्यात आपलीच माणसे भेटतात आणि ती नेहमीच चांगल्या रूपात भेटत नाहीत. येथील धर्मगुरूंच्या हाती रेशमाच्या व्यापाराच्या नाड्या आहेत. ते दरबारी खलबतांत गुंतलेले आहेत आणि प्रॉटेस्टंट खलाशाला चाचा ठरवून त्याचा शिरच्छेद व्हावा अशी इच्छा बाळगतात. हे चित्र कितपत खरे, हा प्रश्न श्रद्धावंत वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर रागाने नव्हे, इतिहासाच्या आधारे द्यावयास हवे.

जपानमधील धर्मकार्याचा उगम आपल्या भूमीशी जोडलेला आहे. अंजिरो या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा १५४८ साली गोव्यात झाला. त्यालाच सोबत घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजी कागोशिमा येथे उतरले. त्या काळी चीनच्या मिंग बादशहांनी जपानशी थेट व्यापार करण्यास बंदी घातली होती. जपानला चिनी रेशीम हवे होते आणि चीनला जपानी चांदी. ही देवघेव पोर्तुगीजांनी हाती घेतली आणि मकावहून दरवर्षी येणाऱ्या मोठ्या गलबताची सरदार मंडळी वाट पाहू लागली. गलबत आपल्या बंदरात यावे म्हणून काहींनी धर्मगुरूंना आश्रय दिला. १५७१ पासून हे गलबत नागासाकीला येऊ लागले आणि १५८० साली ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती सरदाराने ते बंदरच येशूसंघाच्या स्वाधीन केले. धर्मकार्याचा खर्च भागविण्यासाठी येशूसंघाने रेशमाच्या व्यापारात वाटाही घेतला होता. याबद्दल त्यांच्यावर त्या काळीही टीका झाली.

ब्लॅकथॉर्नचे पात्र ज्याच्यावरून घेतले त्या विल्यम ॲडम्सने आपल्या पत्रांत लिहून ठेवले आहे, की येशूसंघीयांनी व पोर्तुगीजांनी आपल्याला चाचे ठरवून देहान्त शासन द्यावे, असा आग्रह धरला होता. तेव्हा मालिकेतील चित्र निराधार आहे, असे आपल्याला म्हणता येत नाही. ते अपुरे आहे, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

मारिकोच्या मागे उभी आहे ती होसोकावा ग्रासिया. तिचे मूळ नाव तामा. तिचा पिता आकेची मित्सुहिदे याने १५८२ साली आपला धनी ओदा नोबुनागा याच्यावर उलटून त्याचा अंत घडवून आणला आणि त्या द्रोहाचा कलंक मुलीच्या कपाळी आला. पती तादाओकी याच्या कडक पहाऱ्यात ती दिवस कंठीत होती. १५८७ साली हिदेयोशीने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी, धर्मगुरूंपर्यंत जाणे शक्य नसल्याने, मारिया नावाच्या आपल्या ख्रिस्ती दासीच्या हातून तिने बाप्तिस्मा स्वीकारला. ज्या वेळी ख्रिस्ती होण्यात लाभ उरला नव्हता, त्या वेळी ती ख्रिस्ती झाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

१६०० च्या ऑगस्टमध्ये ओसाका शहरात इशिदा मित्सुनारीने तिला ओलीस धरण्यासाठी माणसे पाठविली. ओलीस जाणे कुलाला कमीपणा आणणारे होते आणि आत्महत्या धर्माला मान्य नव्हती. तिने बरोबरच्या स्त्रियांना बाहेर काढले, प्रार्थना केली आणि घरच्या सेवकाच्या शस्त्राने मरण पत्करले. मालिकेत मारिकोचा शेवट स्फोटात होतो आणि ब्लॅकथॉर्नशी तिचे प्रेम जुळते. हा कल्पनेचा भाग होय. ग्रासियाने ॲडम्सचे दुभाषेपण केले नाही. तिच्या अस्थी फादर ओर्गान्तिनो यांनी जमविल्या आणि तिच्यासाठी झालेल्या ख्रिस्ती अंत्यविधीला तिचा अख्रिस्ती पतीही उपस्थित राहिला.

मालिकेत दुभाष्याला फार महत्त्व आहे. खऱ्या जपानमध्येही असाच एक दुभाषा होऊन गेला. तो आमच्या वसईचा, संत गोन्सालो गार्सिया. येशूसंघीयांच्या सहवासात ते लहान वयातच जपानला गेले आणि तेथील भाषा उत्तम शिकले. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्यांनी काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत ते हिदेयोशीच्या दरबारी गेले. त्या भेटीत बोलणे झाले ते गोन्सालोंच्या मुखातून.

१५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरील माल जप्त झाला आणि धर्मगुरूंच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येणार, असा संशय दरबारात बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि १७ प्रापंचिक होते. लुईस इबाराकी हा तर अवघा बारा वर्षांचा होता. भांडण साम्राज्यांचे आणि व्यापाराचे, पण प्राण गेले ते ज्यांचा त्या मालात काडीचाही वाटा नव्हता त्यांचे. मालिकेची कथा सुरू होते ती यानंतर तीन वर्षांनी. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

तोरानागा म्हणजे तोकुगावा इयेयासू. तो १६०३ साली शोगुन झाला. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि १६३९ साली पोर्तुगीज गलबतांना जपानचे दार बंद झाले. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर तेथे मोकळेपणाने फिरणारा एकही धर्मगुरू उरला नाही. ज्यांच्या मते हा धर्म केवळ रेशमाच्या आशेने आला होता, त्यांच्या हिशेबाने तो तेथेच संपावयास हवा होता.

पण १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही शेतकरी आले. फादर पेतिज्याँ यांना त्यांनी हलक्या आवाजात आपली श्रद्धा सांगितली आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्या पूर्वजांनी मिस्साबलीविना, धर्मगुरूंविना, आपल्याच माणसांच्या हातून बाप्तिस्मा देत आणि प्रार्थना तोंडपाठ करीत ही श्रद्धा जपली होती. बंदी उठली ती त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली.

वसईकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १७३९ साली येथील पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातील चर्चे ओस पडली, तरी आमच्या वाडवडिलांनी घरोघरी जपमाळ सोडली नाही. ‘शोगुन’ पाहताना आमच्या तरुण मुलामुलींनी धर्मगुरूंच्या व्यापाराविषयी विचारले, तर ते लपवू नये. जे घडले ते घडले म्हणून सांगावे. मात्र तेवढ्यावर न थांबता त्यांना मालिकेत नसलेल्या माणसांचीही ओळख करून द्यावी: मालकिणीला बाप्तिस्मा देणाऱ्या दासीची, क्रुसावर गेलेल्या वसईच्या दुभाष्याची आणि पवित्र मरियेची मूर्ती शोधीत आलेल्या उराकामीच्या शेतकऱ्यांची.